सोमलाच्या बंदुकीतलं शिसं

दहापैकी दहा फुगे? सोमला राठोडच्या बंदुकीनं? विसरा!

"या बंदुकीनं आजवर कोणाच्या बापाले सहाच्या वर फुगा फोडू देला नाई," असं सोमला छाती काढून सांगायचा. गिऱ्हाइकाला नव्हे हं! गिऱ्हाइकाला तो म्हणायचा, "मारा भाऊ, तुमचा हात लय सरळ दिसून राह्यला." छाती काढणं चालायचं ते फक्त बायकोपुढं. "पोलीसभरतीवाले पोट्टे आले, मिल्ट्रीतून सुट्टीवर आलेले आले. सगळे हात झटकत गेले! काहून?"

"काहून म्हणजे, नळीत शिसं भरलं म्हणून," कमलीबाई फुग्याला गाठ मारता मारता म्हणायची. तिला हे पाठ झालं होतं.

आणि ते खरंच होतं. जत्रेतली छर्‍याची बंदूक ती. छर्रे मऊ शिशाचे. प्रत्येक छर्रा जाताना नळीला आपलं थोडं अंग चोळून जायचा, आणि नळी कधी म्हणून साफ झालेली नव्हती. आतून ती गावातल्या नालीसारखी तुंबली होती. छर्रा बाहेर पडायचा तो वरातीत पिऊन नाचणाऱ्या मामासारखा. निघाला नवरदेवाकडं, पोचला शेजारच्या मांडवात! इतर फुगेवाले बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खिळा, वाकडी करून ठेवतात. सोमलाला ते पटत नसे. "मी काई वाकडं केलं नाई," तो म्हणायचा. "शिसं आपल्या मनानं बसलं. मी फक्त त्याले उठवलं नाई."

फुग्यांच्या फळीच्या वर, बांबूवर, मिक्सरचं एक खोकं बांधलेलं असायचं. दहापैकी दहा फोडा, मिक्सर घेऊन जा! खोक्यावर नारंगी मिक्सर आणि हसणारी बाई. उन्हानं बाईचा चेहरा पार उडालेला, नुसते दात उरलेले. आत अर्धी वीट आणि एक फाटकी गोधडी. मिक्सर तीन वर्षांपूर्वी पोरीबरोबर, अंजूबरोबर, तिच्या सासरी आंदण म्हणून गेला होता. "नवा आणू," असं तेव्हा ठरलं होतं. पण दहापैकी दहा कुणी मारतच नव्हतं, मग आणायचा कशाला?

यात हसण्यासारखं असलं तरी नवराबायकोचं सगळं पोट या बंदुकीवर होतं. बंदूक यायच्या आधी दिवाळी झाली की दोघं ऊसतोडीच्या ट्रकवर चढायची, ती थेट उन्हाळ्यात तांड्यावर परतायची. मोळ्या उचलून उचलून कमलीबाईची कंबर कामातून गेली होती. आता जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, या जत्रेतून त्या जत्रेत फिरून भागत होतं. ट्रकचा हॉर्न ऐकला तरी सोमला ताडपत्रीआड सरकायचा.

किन्हीराजाच्या अलीकडं माळावर महादेवाची जत्रा भरली होती. तिसऱ्या दिवशी दुकानापुढची गर्दी आपोआप फाकली आणि मधून ठाणेदार राजपाल वानखडे आले. साध्या कपड्यांत होते, पण मिशी वर्दीतलीच होती! सोबत बायको, उज्ज्वलाताई, आणि आठ वर्षांची पोरगी, संस्कृती.

"बाबा, ते मिक्सर जिंका ना! आपलं बिघडलंय," संस्कृती म्हणाली.

"एवढंच? थांब," ठाणेदार बाह्या सारत म्हणाले. "पाच मिनिटात घेऊन जाऊ."

फट्! छर्रा ताडपत्रीत गेला. फट्! फळीच्या कडेला. फट्! कुठं गेला ते महादेवालाच ठाऊक. सहाव्या छर्‍यानं एक फुगा फुटला, पण नेम धरलेला नव्हे, त्याच्यापासून तिसरा. "तोच धरला होता," ठाणेदार म्हणाले. शेवटचा छर्रा तर उडाला तो थेट वरच्या खोक्यावर. टक्! असा आवाज आला. सोमलाचं काळीज खाली चपलेत गेलं.

दहापैकी एक. आणि तेवढ्यात संस्कृतीनं अगदी निरागसपणे विचारलं,

"बाबा, चोर पळून राह्यला की तुम्ही त्याला असंच मारता का?"

मागं कुणाला तरी हसू फुटलं. ते त्यानं खोकल्यात बदललं, पण उशीर झाला होता. ठाणेदारांचा चेहरा मिरचीच्या ढिगासारखा लाल झाला. ती नजर गर्दीवरून फिरत फिरत सोमलावर येऊन थांबली. सोमलाच्या तोंडातून त्याला न विचारता शब्द बाहेर पडले.

"साहेब, तुमचा नेम एकदम बरोबर हाय! दोष बंदुकीचा! नळीत शिसं बसलं, साहेब, शिसं!"

बुडणाऱ्याला दोर मिळावा तसा ठाणेदारांनी तो शब्द धरला. "शिसं! मंग तसं बोल ना लेका! ऐकलं ना, संस्कृती? नळीत शिसं हाय." मग सोमलाकडं वळून, "साफ काहून नाई केली?"

"करतो, साहेब."

"उद्या ऊन उतरलं की येतो. नळी आरशासारखी पाहिजे. नाई तर हे दुकान कोणाच्या परवानगीनं लागलं, थे पाह्यतो मी!"

ते गेले. सोमला खाली बसला. लांब रस्त्यावरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

सकाळी कमलीबाईनं भाकर वाढली, ती तशीच वाळत पडली. सोमलानं बंदूक मांडीवर घेतली, नळी बिजागरीत मोडून खाली वाकवली, आणि कमलीबाईच्या जुन्या पोलक्याची एक चिंधी राकेलात भिजवून सायकलच्या तारेनं मागून आत घातली. अर्ध्यापर्यंत सुरळीत गेली. मग थांबली. सोमलानं जोर केला. हलेना. ओढून पाह्यली. तार आली, चिंधी आत राहिली!

"काय झालं?" कमलीबाईनं विचारलं.

"काई नाई."

"तुमी काई नाई म्हणता तवा काई तरी असतेच."

सोमलानं पुढून तार घातली. चिंधी आणखी घट्ट झाली. तार वाकली. मग त्यानं बिनछर्‍याची बंदूक भरली, आभाळाकडं धरली, डोळे मिटले आणि घोडा ओढला.

फुस्स!

अजीर्ण झालेल्या म्हाताऱ्यासारखा आवाज. सोमलाच्या डोळ्यांपुढं संध्याकाळ उभी राहिली. साहेबांनी बंदूक खांद्याला लावली आहे, सगळी जत्रा पाहते आहे, पोरगी टाळ्या वाजवायला हात वर करून उभी आहे, आणि फुस्स! अंगावर सरसरून काटा आला. त्या काट्यात त्याला आधी कोठडी दिसली, मग ट्रक दिसला, मग कोठडीतून थेट ट्रकमध्ये जाताना तो स्वतः दिसला.

"मेलो, कमली!"

तेवढ्यात शेजारचा भजेवाला किशन हातात झारा घेऊन आला आणि त्यानं नळीत अडकलेला चिंधीचा बोळा पाहिला. किशनला सगळ्या अडचणींवर एकच उपाय ठाऊक होता.

"तेल टाक! गरम तेल!"

"अबे, बंदूक हाय ते! भजे नाई!"

"भजा चिकटला कढईले, तेलानंच सुटते. बोळा कायले नाई सुटणार?"

दुसरा उपाय कुणाला सुचत नव्हता. भज्याचं कोमट तेल नळीत थेंब थेंब सोडलं. बंदुकीला मिरचीभज्याचा वास सुटला. तिघंही नळीभोवती अशी बसली, जशी दवाखान्यात बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसतात. मग किशननं आपल्या गाड्यावरच्या छत्रीची एक काडी मोडून आणली. ती तारेपेक्षा जाड होती. नळीत बरोब्बर बसली. सोमलानं बंदूक पोटाशी आवळून धरली, किशननं काडीवर सगळं वजन टाकलं.

"दाब!"

"दाबूनच राह्यलो!"

पच्! चिंधी नळीच्या दुसऱ्या टोकातून सुटली, हवेत गेली आणि किशनच्या बेसनाच्या घमेल्यात जाऊन पडली. काळी ढुस्स, तिच्यावर माशाच्या खवल्यासारखे राखाडी तुकडे. शिसं!

"जाऊ दे, काढून घेतो," किशन बोट बुडवत म्हणाला.

"हात काढ!" कमलीबाई ओरडली. "शिसं हाय थे! विष असते! फेक थे पीठ! आन दोघंही साबणानं हात धुवा आधी!"

किशननं सगळं पीठ खड्डा करून पुरलं. माती लोटताना त्याचे डोळे भरून आले होते.

वाट मोकळी झाल्यावर काम सपाट्यानं चाललं. कमलीबाईनं भांड्याच्या तांबड्या तारेची घासणी दिली. तिचे दोन धागे काडीला गुंडाळले, तेल लावलं, आणि सोमला घासत राह्यला. खवले पडत राह्यले. एकेका खवल्यात एकेक जत्रा होती! दुपार झाली तेव्हा शेवटची चिंधी गेली तशीच पांढरी बाहेर आली. सोमलानं नळी उन्हाकडं धरून आतून पाह्यलं. गोल गोल आटे चकाकत होते. नव्या विहिरीत डोकावल्यासारखं वाटलं.

"मारून पाह्य बरं," तो किशनला म्हणाला.

किशननं आयुष्यात दोनच्या वर फुगे फोडले नव्हते. एक डोळा मिटायचा तर त्याचे दोन्ही मिटायचे. त्यानं लाल धरला, लाल फुटला. पिवळा धरला, पिवळा फुटला. निळा, पांढरा, पुन्हा लाल. पाचपैकी पाच!

"सोमला! अबे, मी तं शिकारी निघालो!"

सोमलानं आनंदानं टाळी वाजवली. एकच. दुसरी वाजवायला हात उचलले आणि ते तसेच हवेत राहिले. त्याची नजर वर गेली होती. फळीच्या वर, बांबूवर, बिनचेहऱ्याच्या बाईचे दात त्याच्याकडं पाहून हसत होते.

"कमली," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "साहेबानं दहाच्या दहा मारले तर?"

कमलीबाईनं खोक्याकडं पाह्यलं. तिच्या हातातला फुगा सुटला आणि फुर्रर्र करत माळावर निघून गेला.

काय करावं? माशी वाकडी करावी, तर साहेबांचा नेम चुकणार. म्हणजे दुकान गेलं. सरळ ठेवावी, तर साहेब मिक्सर जिंकणार. वीट निघणार. म्हणजे दुकान गेलं, आणि दुकानदारही गेला! सोमलानं डोकं धरलं. इकडून आग, तिकडून आग.

"नऊ लागले पाहिजे," शेवटी तो म्हणाला. "बरोब्बर नऊ. नऊ मारले तर साहेबाची इज्जत राह्यते. दहावा चुकला तर आपली."

"आन थे देवाच्या हाती!"

"देवाच्या नाई. तुह्या हाती."

फुग्यांची फळी बांबूला दोऱ्यांनी टांगलेली होती. वारा आला की हलू नये म्हणून एक दोरी डाव्या बाजूच्या खुंटीला बांधलेली. कमलीबाई फुगे फुगवायला त्याच बाजूला, ताडपत्रीच्या आडोशाला बसायची. ठरलं असं : साहेबांनी दहावा छर्रा भरून नेम धरला की सोमला दुपट्ट्यानं तोंड पुसेल. मग कमलीबाईनं दोरीला एक हिसका द्यायचा. फळी सरकेल, छर्रा रिकाम्या जागी जाईल.

"जास्त नको ओढजो. एक वीतभर."

"माह्यी कंबर गेली, हात नाई गेले," कमलीबाई म्हणाली.

ऊन उतरलं. ठाणेदार आले, उज्ज्वलाताई आल्या, संस्कृती उड्या मारत आली. कालची बातमी गावोगाव गेली होती, त्यामुळं जऊळक्यापासूनची माणसं आली होती. जत्रा कमिटीचे अध्यक्ष रतनसिंगभाऊ खुर्ची टाकून पहिल्या रांगेत बसले. सगळ्यांचे मोबाईल वर. फळीवर दहा फुगे. सोमलानं बंदूक दोन्ही हातांवर ठेवून साहेबांपुढं धरली.

"साफ केली?"

"आरशासारखी, साहेब."

ठाणेदारांनी नळीचा वास घेतला. "भज्याचा वास काहून येऊन राह्यला?"

"थे... खास तेल हाय, साहेब."

फट्! पहिला फुटला. ठाणेदारांनाच खरं वाटेना. फट्! दुसरा. फट्! तिसरा. चौथ्याला गर्दीनं टाळ्या वाजवल्या. पाचव्याला शिट्ट्या. साहेबांची मिशी एकेका फुग्याला एकेक केस वर चढत होती. संस्कृती मोठ्यानं मोजत होती आणि सोमला मनातल्या मनात मोजत होता. सातव्याला त्याच्या पाठीवरून घामाची धार निघाली. आठव्याला ती पायात पोचली. नवव्याला जत्रेतला पाळणासुद्धा थांबल्यासारखा वाटला.

फट्! नऊ!

फळीच्या मधोमध एकच हिरवा फुगा उरला. ठाणेदारांनी दहावा छर्रा हातात घेतला आणि अचानक थांबले.

"सोमला, इकडं ये. हा छर्रा बराबर नाई दिसत."

सोमला जवळ गेला. ठाणेदारांनी छर्रा त्याच्या नाकापुढं धरला आणि ओठ न हलवता बोलले, "काल माह्यावाला छर्रा त्या खोक्याले लागला. टक् वाजलं. मी वीस वर्ष झालं झडत्या घेऊन राह्यलो. मिक्सर टक् वाजत नाई. काय हाय त्यात?"

खोटं बोलावं म्हटलं तर तेवढा जीवच सोमलाच्या अंगात नव्हता.

"वीट, साहेब."

"पूर्ण?"

"अर्धी. आन एक गोधडी."

ठाणेदारांनी डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा त्यात राग नव्हता. सोमलानं नीट पाह्यलं. साहेबांच्या कपाळावरही घाम होता!

"मी हा मारला, तर माह्यी पोरगी इथंच खोकं उघडते," ते कुजबुजले. "एवढे मोबाईल चालू हायेत. उद्या साऱ्या जिल्ह्यात दिसन, ठाणेदारानं मेहनत करून वीट जिंकली! मोठ्या साहेबाले काय सांगू? ऐक. मी हा मुद्दाम चुकवतो. डाव्या कोपऱ्यात रिकामी जागा हाय, तिथी मारतो. तुह्यं मंग पाह्यतो."

सोमलाला त्यांचे पाय धरावेसे वाटले. सुटलो! साहेबच चुकवणार! तो आनंदानं मागं सरला, आणि सरता सरता त्याला आठवलं.

दोरी!

कमलीबाई आडोशाला दोरी मनगटाला गुंडाळून, दात ओठ खाऊन बसली होती. सोमलानं तिच्याकडं पाहून मान हलवली. नको! कमलीबाईनंही मान हलवली. हो, ध्यानात हाय! सोमलानं डोळे मोठे केले. कमलीबाईनं पदर खोचला. ठाणेदारांनी बंदूक खांद्याला लावली. सोमलाला काही सुचेना. हाताला लागलं ते वर धरून तो जिवाच्या आकांतानं हलवू लागला. नको, नको, नको!

हाताला लागला होता दुपट्टा.

कमलीबाईनं पाह्यलं, नवऱ्यानं नुसतं तोंड पुसलं नाही, तो दुपट्टा झेंड्यासारखा फडकवतोय. म्हणजे साधा हिसका नाही, चांगला जोरदार पाहिजे! ऊसाची मोळी ओढावी तशी तिनं दोरी ओढली.

फट्!

फळी डावीकडं सरकली, हिरवा फुगा डाव्या कोपऱ्यात अगदी धावत आला, आणि छर्‍यापुढं उभा राहिला.

दहा!

जत्रा उसळली. "मिक्सर! मिक्सर! मिक्सर!" ठाणेदार बंदूक धरून पुतळ्यासारखे उभे. सोमला दुपट्टा धरून उभा. आडोशामागून कमलीबाईचा हसरा चेहरा बाहेर आला. काम फत्ते झालं असं तिला वाटत होतं. तिनं फळी पाह्यली आणि चेहरा पुन्हा आत गेला.

कुणी तरी खोकं सोडून खाली आणलंसुद्धा. "वजनदार हाय," आणणारा कौतुकानं म्हणाला.

"इथंच उघडून पाहू," उज्ज्वलाताई पुढं झाल्या. "काल छर्रा लागला होता. भांडं फुटलं असलं तर?"

संस्कृतीनं चिकटपट्टीचं टोक नखानं धरलं. सोमलाच्या कानात कुईं असा आवाज सुरू झाला. पट्टी दोन बोटं निघाली...

"थांबा!" ठाणेदार असे गरजले की शेजारच्या दुकानातलं तान्हं पोर रडायचं थांबलं. त्यांनी दोन्ही हात खोक्यावर ठेवले. पुढं काय बोलायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, हे फक्त सोमलाला दिसत होतं. "हे मिक्सर... हे मिक्सर मी... महादेवाले दान करून राह्यलो!"

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पाखरं उडाली. उज्ज्वलाताईंनी मात्र नवऱ्याकडं अशा नजरेनं पाह्यलं, की साहेबांची मिशी एका दमात खाली आली.

सोमलानं श्वास सोडला. अर्धाच सुटला होता, तेवढ्यात रतनसिंगभाऊंनी देवळाचा माइक हातात घेतला. "भाविकहो! उद्याच्या भंडाऱ्याची चटणी ठाणेदारसाहेबांच्या मिक्सरमधूनच वाटल्या जाईल! सकाळी खोकं वाजतगाजत देवळात नेऊ!"

उरलेला अर्धा श्वास सोमलाच्या आतच राहिला.

"तोवर खोकं इथंच राहू द्या," ठाणेदार घाईनं म्हणाले. "सोमला जबाबदार माणूस हाय."

थोड्या वेळानं ताडपत्रीच्या मागं दोघं समोरासमोर उभे होते.

"सकाळपर्यंत त्यात मिक्सर पाहिजे," ठाणेदार म्हणाले.

"हो, साहेब." सोमलानं कमरेची पिशवी उघडली. जत्रेची कमाई होती, पण पुरेल असं दिसेना. ठाणेदारांनी इकडंतिकडं पाह्यलं आणि खिशातून काही नोटा काढून त्याच्या हातात कोंबल्या.

"हे अर्धे. नेम माह्या होता."

"नाई साहेब, दोरी आमची होती."

"कोणती दोरी?"

सोमलानं दोरी सांगितली. ठाणेदारांनी आधी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "जाय. नारंगीच आणजो. खोक्यावर नारंगी हाय."

सोमला किशनच्या मोटरसायकलवर मागं बसला आणि दोघं जवळच्या मालेगावला गेले. मालेगावात सगळे मिक्सर पांढरे! एका दुकानात निळा. नारंगी रंगाचं नाव काढलं की दुकानदार हसायचे, "भाऊ, हे मॉडेल जुनं झालं." तसेच पुढं कारंज्याला सुटले. रस्ताभर सोमला किशनच्या पाठीला धरून देवांची नावं घेत होता. जैन मंदिराकडच्या गल्लीत एक दुकानदार शटर ओढत होता. सोमला त्या शटरखाली आडवाच झाला.

"नारंगी हाय का?"

दुकानदारानं घाबरून धूळ खात पडलेला एक नारंगी मिक्सर काढून दिला. वर काही विचारलं नाही. चेहरा पाहूनच दिला असावा.

दुसऱ्या दिवशी खोकं बँड लावून देवळात गेलं. चिकटपट्टी कमलीबाईनं स्वतः सोडली. आतून नारंगी मिक्सर निघाला. रतनसिंगभाऊंनी हार घातला. कमलीबाईनं मिरच्या, शेंगदाणे, लसूण भांड्यात टाकून बटण फिरवलं, तेव्हा सोमला आणि ठाणेदार, दोघांनीही एकाच वेळी डोळे मिटले. घर्रर्र! चालला! त्या आवाजाइतकं गोड भजन सोमलानं जन्मात ऐकलं नव्हतं.

पंगत बसली. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी आणि ती चटणी. सोमलानं चटणी तीनदा मागून घेतली. जिभेला आग लागली तरी खात राहिला. सगळ्या जत्रेची कमाई होती ती, टाकवेल कशी? शेजारच्या पाटावर ठाणेदार येऊन बसले. त्यांनीही तीनदा घेतली. दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोक म्हणाले, साहेब किती भाविक आहेत!

"बाबा," समोरच्या पाटावरून संस्कृती म्हणाली, "देवाचं मिक्सर तर झालं. आई म्हणते, आता आपलं राह्यलं. जेवून झालं की पुन्हा दहा मारायला जाऊ ना?"

आजूबाजूची पंगत कौतुकानं साहेबांकडं पाहू लागली. "हो, हो, साहेब! आज पुन्हा होऊन जाऊ द्या!" कुणी तरी लगेच मोबाईल काढला.

ठाणेदारांचा घास हातात राहिला. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, तोंडापुढं धरला, आणि ग्लासाआडून सोमलाच्या कानाशी वाकले.

"सोमला... थे शिसं परत बसवता येते काय रे?"